धानाच्या कडेचे गोटे

आमच्या गावातून जाणारा डांबरी रस्ता दिवाळीच्या सुमारास निम्माच उरतो. उरलेल्या निम्म्यावर धान असते. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी आणि मळणी याच दिवसांत उरकते आणि ते वाळवायला डांबराइतकी सपाट, कोरडी आणि तापणारी दुसरी जागा गावात नाही. अंगणे शेणाने सारवलेली, त्यांना ओल धरते. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, अजून पाय रुतत असतो. सरकारी खरेदीच्या आधारभूत केंद्रावर माल नेला की आधी ओलावा मोजतात आणि तो जास्त भरला तर पोती परत पाठवतात. तेव्हा रस्ता.

प्रत्येक घराचा रस्त्यावरचा तुकडा ठरलेला आहे. तो कोणी मोजून दिलेला नाही, पण कोणाचा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यावर दरवर्षी एखादे तरी भांडण होते, यावरून सीमा पक्क्या असाव्यात. चाकांनी धान चिरडू नये म्हणून त्याच्या कडेला नारळाएवढे गोटे ओळीने मांडतात. संध्याकाळी धान पोत्यांत भरून ताडपत्रीखाली ठेवतात. गोटे मात्र रस्त्यावरच राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच पसरायचे असते आणि ओळ उचलली तर सकाळी कोणीतरी आपला तुकडा दाबलेला असतो. दिवसा गोटे धान राखतात, अंधार पडल्यावर नुसती जागा राखतात.

माझी पुतणी नऊ वर्षांची असताना अशाच एका ओळीवर पडली. गोटे आमचेच होते.

मी तेव्हा फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण संपवून घरी आले होते. शरीराच्या हालचालींवर संशोधन करण्यासाठी एका मोठ्या संस्थेत मला जागा मिळाली होती. रुजू व्हायचे होते पुढच्या जुलैत. मधल्या महिन्यांत सकाळी गोंदियाच्या एका दवाखान्यात काम आणि दुपारनंतर वाचन, असा मी बेत आखला होता. घरात आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची ही एकुलती एक मुलगी. भाऊ शेती पाहतो. मला तो बाई म्हणतो, मी त्याला भाऊ.

दिवाळी संपली की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी असते. दुकाने लागतात, पाळणे येतात, रात्री दंडारीचे नाटक होते आणि त्या गावच्या लेकीजावयांनी जायचेच असते. वहिनीचे माहेर दवनीवाड्याच्या पलीकडे. तिथल्या मंडईला आम्ही पाचही जण गेलो. भावाच्या मोटरसायकलवर तो स्वतः, मध्ये पुतणी आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली वहिनी. माझ्या स्कूटीवर मागे आई. पुतणीने फिरकी आणि प्लास्टिकचा गॉगल घेतला होता आणि परत येताना सूर्य मावळत आला तरी तो काढायला ती तयार नव्हती.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, इतके भरलेले की ते दोन्ही बाजूंनी बाहेर आले होते आणि समोरचा एकच दिवा चालू होता. भावाने गाडी डावीकडे घेतली. मी मागेच होते. त्याचा वेग फार नव्हता आणि त्याला जागाही पुरेशी होती, कारण त्या बाजूचे धान केव्हाच उचललेले होते. पुढचे चाक गोट्यावर चढले, हँडल फिरले आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. वहिनी उडून कडेच्या बांधीत पडली, चिखलाने माखली, पण तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. भावाचे तळवे सोलले. पुतणी गाडीखाली होती आणि गाडीचा लोखंडी गार्ड तिच्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर होता.

भावाने एकट्याने गाडी उचलली. तोवर माणसे धावत आली. त्यात शेजारची काकी होती. रस्त्यावर तिचा तुकडा आमच्या तुकड्याला लागून आहे आणि ती तिथेच पोत्यांवर ताडपत्री टाकत होती. एका माणसाने पुतणीचा घोटा धरला आणि ओढायला सुरुवात केली.

“पाय सोडा तिचा!” मी ओरडले.

“बाई, नस चढली असन. ओढली का बसते,” तो माणूस म्हणाला.

“नस नाही, हाड आहे. सोडा आधी.”

“सोड ना गा,” काकी म्हणाली. “इतकी शिकून आली पोट्टी, तिले करू दे.”

मांडी गुडघ्याच्या वर वाकडी दिसत होती. जखम उघडी नव्हती. पावलाला हात लावून पाहिला. ते गरम होते, नाडी लागत होती, बोटे हलत होती. आता हवा होता पायाला आधार. काकीच्या पोत्यांजवळ धान पलटायचे लाकडी दाताळे पडले होते. त्याचा दांडा लांब आणि सरळ होता.

“काकी, ते दाताळे द्या.”

“दाताळं? दाताळं कायले पाह्यजे आता?”

“पायाला बांधायला.”

तिने दिले. काखेपासून घोट्यापर्यंत दांडा लावून मी तो माझ्या ओढणीने आणि आईच्या शालीने बांधला. पुतणी तोवर रडायची थांबली होती, आणि तेच मला जास्त काळजीचे वाटले. गॉगल तिच्या कपाळावर तसाच होता. कोणाची तरी जीप आली, आम्ही पुतणीला आडवे ठेवले आणि दार लावताना काकी खिडकीतून म्हणाली, “दाताळं सकाळी वापस आण जो वो. माह्या धान पलटाचा हाये.”

गोंदियाच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडले होते, पण हाडाच्या वाढीचा थर वाचला होता. डॉक्टरांनी तारा घालून ते जुळवले आणि मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातले. हाड जुळेल याची त्यांना खात्री होती, मलाही होती. या वयात हाडे चटकन जुळतात. गुडघ्याबद्दल त्यांनी काही सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही, कारण त्याचे उत्तर प्लास्टर निघाल्यावरच मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे आणि दाताळे घेऊन मी गावी आले. आकाश स्वच्छ होते. आमच्या तुकड्यावर धान पसरलेले होते. गडी लावून आईने ते पसरून घेतले होते. पोत्यात आणखी राहिले असते तर त्याला कोंब आले असते, हे मलाही समजत होते. कडेची ओळ पूर्ण होती. चाकाने उडवलेला गोटा कोणीतरी उचलून त्याच्या जागी परत ठेवला होता.

भेटायला येणाऱ्यांना भाऊ एकच गोष्ट सांगायचा. “ट्रॅक्टरवाल्यानं कट मारला.” हॉस्पिटलात हे वाक्य एवढेच होते. घरी येईपर्यंत ट्रॅक्टरवाला प्यायलेला झाला आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या ट्रॉलीमागे दुसरी ट्रॉलीही लागली. ऐकणारे मान हलवायचे आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या एकूण स्वभावावर बोलायचे. गोट्यांविषयी कोणी अक्षर काढले नाही. येणारा प्रत्येक जण त्याच रस्त्याने येत होता आणि बहुतेकांची स्वतःची ओळ होती. मीही तेव्हा काही बोलले नाही. भावाच्या तळव्यांना अजून पट्ट्या होत्या.

प्लास्टर निघाले तेव्हा हाड जुळलेले होते. गुडघा मात्र जेमतेम वाकत होता. मांडीचा पुढचा स्नायू मोडलेल्या जागी हाडाला चिकटतो, इतके आठवडे सरळ राहिलेला सांधा आखडतो आणि दुखेल या भीतीने मूल तो आणखी ताठ धरते. यातले पहिले दोन व्यायामाने सुटतात. तिसरे सुटले नाही तर पहिले दोनही सुटत नाहीत.

प्रश्न नुसता गुडघ्याचा नव्हता. गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून पुढच्या गावच्या शाळेत जावे लागते आणि आमच्या गावच्या मुली तिथे सायकलने, घोळक्याने जातात. शाळेच्या वेळेला बस नाही. शाळा सुरू होतात त्याच दिवसांत धानाची रोवणी, म्हणजे लावणी, असते, तेव्हा पोरीला रोज नेऊन सोडायला घरात कोणी मोकळे नसते. आणि त्या संध्याकाळनंतर भाऊ मोटरसायकलवर कोणालाच बसवत नव्हता. त्याने आपला निर्णय जेवताना सांगून टाकला.

“जूनपर्यंत सायकल चालवता आली तं ठीक. नाई तं मामाकडे ठेवू तिले. तिथं शाळा घराजवळ हाये.”

वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. पुतणी लगेच बोलली. “मले मामाकडे नाई राहाचं.”

“मंग वाकव पाय,” भाऊ म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या दुपारच्या वाचनाचा बेत त्या दिवशी बदलला.

छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भिंतीला पाठ लावून ती जमिनीवर बसायची. टाचेखाली स्टीलचे ताट उपडे ठेवून त्यावर मी तांदळाचा बारीक कोंडा भुरभुरायची. कोंड्याला तेल असते, त्यावरून टाच सहज सरकते. टाच स्वतःच्या जोराने मागे ओढायची, जिथे थांबेल तिथे धरायची, हळू सोडायची. जिथपर्यंत टाच पोहोचली तिथे जमिनीवर कोळशाची रेघ. माझ्याकडे कोनमापक होता, पण अंशांचे तिला काही वाटत नसे. रेघ कालच्या रेघेच्या मागे गेली की ती स्वतःहून आणखी एकदा ओढायची.

आईला हे पाहवत नसे. पोर कळवळली की ती चुलीपाशी बसूनच बोलायची. “रडवू नोको वो लेकराले. हाड पुन्हा मोडन.”

“मोडणार नाही, आई.”

“तुले का माहीत? तुझ्या पायाचा हाये का?”

मी कामाला गेले की आई तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी देऊन ठेवायची. त्याने दुखणे थांबते, पण गुडघा अर्धवट वाकलेला राहून पुढे सरळही होत नाही. मी उशी काढायची, आई परत द्यायची. शेवटी मी उशी आईच्याच गुडघ्याखाली दिली आणि दुपारभर तशीच ठेव म्हटले. संध्याकाळी उठताना तिला भिंत धरावी लागली. त्यानंतर उशी पेटीवर गेली.

पुतणीचे वेगळे होते. ती वाद घालायची.

“आत्या, तू डॉक्टर हायेस का?”

“नाही.”

“मास्तरीण?”

“नाही.”

“मंग तुझं काऊन ऐकाचं?”

“कारण सायकल तुला चालवायची आहे. मला येते.”

यावर तिने जीभ दाखवली आणि टाच ओढली.

एका सोमवारी मी दवाखान्यातून आले तर ती खांबाला धरून उभी राहून रडत होती. आईने छपरी सारवून काढली होती आणि सगळ्या रेघा शेणाखाली गेल्या होत्या. आई गोंधळली. “मले वाटलं कोयसा सांडला.” रेघा पुसल्याने गुडघ्याचे काही बिघडत नाही, हे मी समजावत राहिले, ते बरोबर होते आणि निरुपयोगीही. दुसऱ्या दिवशी टाच जुन्या शेवटच्या रेघेपेक्षा मागे गेली की पुढे, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. त्यानंतर आई सारवताना तेवढी पट्टी सोडून द्यायची. सारवलेल्या छपरीत भिंतीलगत ती मळकट पट्टी आणि तिच्यावर काळ्या रेघा, हे दृश्य पाहुण्यांना विचित्र वाटे, तेव्हा आईच त्यांना सांगायची, “तो आमच्या पोरीचा पाय हाये.”

होळीपर्यंत गुडघा काटकोनाच्या जवळ आला. उन्हाळ्यात काटकोनाच्या थोडा पुढे जाऊन तो थांबला. आठवडे गेले, रेघा एकीवर एक पडू लागल्या. उकिडवे बसणे तिला येणार नव्हते, रोवणीला वाकणे अवघड जाणार होते. हे सगळे पुढे वर्षभरात सुधारले असते. पण सायकलचा पायडल वरच्या टोकाला येतो तेव्हा गुडघा याहून जास्त वाकावा लागतो, आणि जून वर्षभर थांबणार नव्हता.

सीट वर करून पाहिली. वर केली की गुडघ्याला कमी वाकावे लागते. तेवढे जमले, पण मग तिचे पाय जमिनीला टेकेनात आणि थांबताना ती दोनदा आडवी झाली. दुसऱ्यांदा भाऊ दारातच उभा होता. त्याने सायकल उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळी मी कागदावर पायडलचे वर्तुळ काढले. गुडघा किती वाकतो हे सीटच्या उंचीवर जसे अवलंबून असते, तसेच पायडल ज्या दांड्याला बसवलेला असतो त्या क्रँकच्या लांबीवरही असते. क्रँक आखूड तर वर्तुळ लहान. वर्तुळ लहान तर पाऊल कमी वर जाते. सीट खालीच राहिली असती. इतकी सोपी गोष्ट मला आखणी केल्यावर सुचली, कारण आतापर्यंत मी सायकलला गुडघा बसवायचा प्रयत्न करत होते.

दुसऱ्या दिवशी सायकल गोठ्यातून काढून गोंदियाला नेली. दुकानदाराने माझे म्हणणे ऐकून पान्हा खाली ठेवला.

“मॅडम, बडी साइकिल में बच्चे का क्रैंक? मजाक कर रहे हो क्या?”

“लगेगा या नहीं?”

“लगने को तो लग जाएगा। पर चढाई पे रोएगी बच्ची।”

“हमारे यहाँ चढाई है कहाँ?”

तो हसला. आमच्या घरापासून त्या शाळेपर्यंत बांध्याच बांध्या, आणि बांधीत पाणी उभे राहायचे तर जमीन सपाटच लागते. त्याने लहान सायकलीचा क्रँक, त्याच्या लहान दातेरी चक्रासकट, बसवून दिला. पुतणीने दुकानासमोरच फेरी मारली. पायडल पूर्ण फिरला. पाय चटचट फिरत होते, सायकल त्या मानाने हळू जात होती, आणि बाकीच्या मुलींच्या मागे राहावे लागणार हे तिच्या लगेच लक्षात आले. “गधडी दिसतो मी,” ती म्हणाली, पण उतरली नाही.

गुडघ्याचा प्रश्न सुटला आणि दुसरा वर आला. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात भाऊ म्हणाला, “नाई जाचं. तो रस्ताच खराब हाये.”

“तू म्हणाला होतास सायकल चालवता आली तर.”

“सायकलचं नाई बोलून राहिलो. रस्त्याचं बोलून राहिलो. ट्रॅक्टरवाले पाहून चालवते का?”

मी इतके महिने थांबले होते. “भाऊ, ट्रॅक्टर बारा महिने जातात. आता रस्त्यावर गोटे नाहीत.”

वहिनी दारात आली होती, ती तिथेच थांबली. मला वाटले तो ओरडेल. तो उठला, बाहेर गेला, बैलांना पाणी दाखवून परत आला आणि उभ्यानेच बोलला.

“दिवाळीपर्यंत जाऊ दे तिले. धान रस्त्यावर आला का मी सायकल छताले टांगीन.”

मी ते मान्य केले. वाद जिंकायचा असता तर आणखी बोलले असते; मला ती शाळेत जायला हवी होती. पहिल्या दिवशी ती घोळक्याच्या शेवटी, जोरजोरात पाय मारत आणि “थांबा ना वो!” ओरडत गेली. जुलैत मी संस्थेत रुजू झाले.

तिथे सांध्याचा कोन कॅमेऱ्यांनी मोजतात आणि आकडा पडद्यावर येतो. काम मला आवडते आणि मी त्यात पुढे जाणार आहे. पण सप्टेंबर सरला तसे माझे लक्ष घरच्या फोनकडे जास्त लागले. वहिनी फोनवर सांगायची, छताला हूक ठोकून झाला आहे. पुतणी तिच्या मागून सांगायची, हूक पाहिला, सायकल अजून खाली आहे.

मंडईच्या दिवसांत आले तेव्हा शाळांची दिवाळीची सुट्टी संपली होती आणि रस्ता पुन्हा निम्मा झाला होता. सायकल छपरीतच होती. भाऊ रोज आज टांगतो, उद्या टांगतो करत होता, कारण सकाळी पुतणी ती काढून निघून जायची तेव्हा तो धानावर असायचा. मी पोहोचले त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, काकी अंगणात आली. हातात दाताळे होते.

“कोठी हाये तुमची पोट्टी?”

“काऊन?” आईने विचारले.

“काऊन म्हणते! शाळेतून येता येता माझे गोटे नालीत ढकलून राहिली. चार दिवसांपासून. काल पल्याडच्यानं माझा अर्धा तुकडा दाबला!”

पुतणी खांबामागून पुढे आली. तिला नाकारायचे नव्हते. “धान उचलल्यावरच ढकलतो मी. धान असला का नाई हात लावत.”

“पाय वाकत नाई अन् गोटे बरे ढकलता येते तुले!”

“चांगल्या पायानं ढकलतो.”

मला हसू आले ते मी दाबले. भाऊ विहिरीवर हातपाय धूत होता. तो ओल्या हातांनीच आला आणि सरळ सायकलपाशी गेला. “मी सांगतलं होतं धान आला का टांगीन. बस झाली शाळा. धान उचलल्यावर पाहू.”

“टांग,” काकी म्हणाली. “बरं होईन.”

“टांगा,” पुतणी म्हणाली. “मी पायदळ जाईन. गोटे पायदळ पन ढकलता येते.”

भावाचा हात सायकलच्या सीटवर होता. त्याने सायकल उचलली नाही. तो छपरीतून उतरला, अंगण ओलांडून रस्त्यावर गेला आणि आमच्या तुकड्यावरचा पहिला गोटा उचलून त्याने नालीपलीकडे टाकला. मग दुसरा. आम्ही सगळे दारापर्यंत आलो.

“अरे, तुझा तुकडा जाईन ना गा!” काकी ओरडली.

“जाऊ दे.” तो ओणवा होता, आवाज जमिनीकडूनच आला. “तिचा पाय माह्याच गोट्यानं मोडला, काकी. ट्रॅक्टरनं नाई.”

वहिनीने पदर तोंडाला लावला. काकीला मात्र काहीच नवीन वाटले नाही. “मले का माहीत नाई?” ती म्हणाली. “दाताळं माह्यंच बांधलं होतं तिच्या पायाले.”

मग ती तिथेच उभी राहून, बराच वेळ, आपल्या तुकड्याकडे पाहत बोलली. गोटे उचलले तर जागा कशी राखायची, हा तिचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. मी म्हटले, राइस मिलच्या मागे भुशाचा डोंगर पडलेला असतो, हवा तेवढा नेऊ देतात. त्याची पोती भरून कडेला ठेवा. चाक त्यावर चढले तर पोते दबेल.

“पोते चोरीले जातीन.”

“भुशाचं पोतं कोण चोरन?” भाऊ म्हणाला.

“भुसा सांडून देईन अन् पोतं नेईन. तुले गाव माहीत नाई.”

“फाटके भर मंग.”

फाटकी पोती काकीकडे पुष्कळ होती.

दोन दिवसांत आमच्या आणि काकीच्या तुकड्याला भुशाची पोती लागली. तिसरे कोणी ती लावली नाहीत. पल्याडच्याने काकीचा दाबलेला तुकडा सोडला नाही, त्यावरून अजून बोलणी चालू आहेत. त्याच्यापासून पुढे शाळेच्या गावापर्यंत गोटेच आहेत. शाळा सुटायच्या वेळेला भाऊ त्या बाजूला पायी जातो. कोणाचे धान उचलून झालेले दिसले की तिथले गोटे बाजूला करतो, कधी मालक त्याला शिव्या देतो, कधी बघून न बघितल्यासारखे करतो. मी परत निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यासोबत गेले. घोळका येताना दिसला. पुतणी शेवटी होती, पाय बाकीच्यांच्या दुप्पट फिरत होते. आमच्यापाशी आल्यावर तिने घंटी वाजवली, थांबली नाही.

“बाबा, तो एक राहिला ना, पुलापाशी,” ती जाता जाता म्हणाली, आणि भाऊ पुलाकडे गेला.